दुसरं पुस्तक कधी उघडायचं?

घरी शिकणाऱ्या मुलांना लग्नामुंजीत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'कितवीत आहेस गं?' माझी लेक त्याला आता सरावली आहे. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावीचे पेपर देणार असल्यामुळे ती 'दहावी' म्हणून मोकळी होते. स्पॅनिशच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आम्हालाच पडला. पहिलं वर्ष संपलं का? दुसरं सुरू करायचं का? शाळेत याचं उत्तर कॅलेंडर देतं, जून आला की वरच्या वर्गात. घरी ते कुणीतरी ठरवावं लागतं, आणि आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे मी, जिला स्पॅनिशचा गंध नाही.

आम्ही ऐरोलीत राहतो. लेक पंधराव्या वर्षात आहे. एनआयओएसला दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं आणि किमान ५ विषय, त्यात निदान एक भाषा. तिने मराठी आणि इंग्रजी अशा दोन घेतल्या आहेत. स्पॅनिश त्या मार्कशीटवर कुठेच नाही, ते सुरू झालं पक्ष्यांमुळे. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला आम्ही तिला लहानपणापासून नेतो. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते ती भरती-ओहोटीच्या वेळा बघून, त्यामुळे कधी भल्या सकाळी, कधी टळटळीत दुपारी. या पक्ष्यांबद्दल वाचता वाचता तिला स्पेनमधलं, मालागाच्या बाजूचं फुएन्ते दे पिएद्रा नावाचं खारं सरोवर सापडलं. आपल्याकडे येणाऱ्या दोन जातींपैकी थोरला रोहित, म्हणजे मोठा फ्लेमिंगो, तिथे हजारोंनी घरटी करतो. पाणी पुरेसं असेल त्या वर्षी पिल्लं मोठी झाली की स्वयंसेवक पहाटे जमतात आणि त्यांच्या पायात कडी घालतात. याबद्दलचा बराचसा मजकूर स्पॅनिशमध्ये. 'मग शिकते ना,' म्हणाली.

शिकवायला घणसोलीहून एक ताई येतात. त्यांचं पुस्तक स्पेनमध्ये छापलेलं. शिवाय घरी सरावासाठी मी एक अमेरिकन वर्कबुक आणून ठेवलं होतं, कारण होमस्कूलिंगचं साहित्य शोधायला गेलं की पहिल्यांदा अमेरिकन मालच हाती लागतो. गोंधळ तिथून सुरू झाला. अमेरिकेतलं 'पहिलं वर्ष' म्हणजे हायस्कूलचं एक क्रेडिट, म्हणजे ढोबळमानाने १२० तास वर्गात बसणं. युरोपातली मोजणी वेगळी. ए-१ ते सी-२ अशा ६ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर माणसाला काय करता आलं पाहिजे याची यादी. किती तास बसलात याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

बरं, दुसऱ्या वर्षाची सुरुवात नेमकी कशाने होते यावरही दोन्हींचं एकमत नाही. स्पेनच्या पुस्तकात भूतकाळ शिकवताना आधी 'आज सकाळी मी खाल्लंय' या धाटणीचा येतो. अमेरिकन पुस्तक थेट 'काल खाल्लं'वर उडी मारतं. 'तुम्ही सगळे' यासाठी स्पेनमध्ये घराघरात चालणारं सर्वनाम अमेरिकन वर्कबुकात एका चौकटीत उरकलेलं, कारण लॅटिन अमेरिकेत ते कुणी वापरत नाही. तेव्हा पुस्तकाच्या पाठीवर '२' छापलंय एवढ्यावर काही ठरवण्यात अर्थ नव्हता.

जानेवारीत पहिलं पुस्तक संपलं. त्याच सुमारास वाशीतल्या एका क्लासने नव्या बॅचसाठी चाचणी ठेवली होती, म्हणून तिला घेऊन गेले. रिकाम्या जागा, समोर चार पर्याय. लेकीने झपाझप सोडवली आणि इतके मार्क मिळवले की काउंटरवरच्या मुलीने तिथल्या तिथे ए-२ च्या बॅचचा फॉर्म पुढे केला. 'पुढची बॅच एकदम जूनमध्ये हं,' असंही सांगितलं. लेक खूश. परत येताना ट्रेनमध्ये तिने नवीन वहीचा रंगसुद्धा ठरवला.

संध्याकाळी ताई आल्या. त्यांना मी चाचणीबद्दल काही बोलले नाही. चहा घेता घेता त्यांनी सहज विचारलं, तुझी आजी कुठे राहते? लेक उत्तरली, 'वीवो एन पुने.' ताई हसल्या. 'अगं, पुण्यात कोण राहतं, आजी की तू?'

'वीवो' म्हणजे मी राहते, 'वीवे' म्हणजे ती राहते. आपण मराठीत 'येतेस का?' विचारतो तेव्हा 'तू' म्हणायची गरज पडत नाही, शेपूट सगळं सांगतं. स्पॅनिशचंही तसंच. त्यामुळे शेपूट चुकलं की माणूसच बदलतो. लेकीला हा नियम येत नव्हता असं मुळीच नाही. चार पर्याय समोर ठेवले असते तर तिने बरोब्बर 'वीवे'वर खूण केली असती. पण बोलताना, कपातला चहा सांभाळताना, ते आपसूक येत नव्हतं.

मी ताईंना विचारलं की एवढ्याशा गोष्टीने काय बिघडतं? त्यांनी माझ्या वाणसामानाच्या यादीच्या मागे लिहून दाखवलं. वर्तमानकाळातलं 'आब्लो', जोर 'आ'वर, म्हणजे मी बोलते. दुसऱ्या वर्षात येणारं 'आब्लो', जोर शेवटच्या 'लो'वर, म्हणजे तो बोलला. लिहिताना शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ, बोलताना फक्त जोराची जागा. 'पहिलं आब्लो डोक्यात पक्कं नसेल तर दुसरं आलं की दोन्ही हलतात,' ताई म्हणाल्या. वर आणखी एक गंमत सांगितली. 'असणं' आणि 'जाणं' या दोन क्रियापदांची साध्या भूतकाळातली रूपं अगदी एकसारखी आहेत. 'फुए' म्हणजे होता आणि 'फुए' म्हणजेच गेला. वाक्याच्या मागच्यापुढच्यावरून ओळखायचं. आणि ज्याची सगळी शक्ती शेपटं आठवण्यात जाते, त्याला मागचंपुढचं बघायला फुरसत कुठे असते?

आता माझ्यापुढचा प्रश्न बदलला. तिला काय येतं हे पुस्तकाने सांगितलं होतं. विचार न करता काय येतं, हे मला शोधायचं होतं, आणि तेही भाषा न येता.

मटाराचे दिवस होते. दुपारी मी आणि लेक ओट्याशेजारी बसून शेंगा सोलायचो. ताईंकडून मी नेहमीच्या क्रियापदांचा एक तक्ता देवनागरीत लिहून घेतला आणि मांडीवर ठेवला. मी मराठीत म्हणायचं, 'आम्ही खातो.' तिने म्हणायचं, 'कोमेमोस.' 'त्या जातात.' 'वान.' 'तो झोपतो.' आणि इथे तिचा हात थांबायचा. अर्धी उघडलेली शेंग बोटांत, नजर छताकडे. 'दोर्मे... नाही, दुएर्मे.' उत्तर शेवटी बरोबर यायचं, पण मी तक्त्यावर फुली मारायची. उत्तर चुकलं म्हणून नव्हे, हात थांबला म्हणून. कुठल्या क्रियापदाला शेंग थांबते ते दोन-तीन दुपारींतच स्पष्ट झालं. साधी क्रियापदं सरळ होती. मधला स्वर बदलणारी, म्हणजे झोपणं, हवं असणं, शकणं, ती अडकत होती. त्यातही 'आम्ही'ला स्वर बदलत नाही, 'दोर्मिमोस'च राहतं. तिथे ती उगाच बदलायची.

या खेळात मराठीचा एक फायदा मला अवचित कळला. 'आवडणं' हे अमेरिकन वर्कबुकाने इतकं अवघड करून ठेवलं होतं की लेक तिथे कायम इंग्रजीच्या वाटेने जाऊन 'मी आवडते' असलं काहीतरी बोलायची. मराठीतून विचारलं तर काही प्रश्नच नाही. 'मला रोहित आवडतो', 'मला रोहित आवडतात', क्रियापद पक्ष्यांच्या संख्येप्रमाणे बदलतं, आणि स्पॅनिशमध्येही तस्संच, 'मे गुस्ता', 'मे गुस्तान'. 'माझं डोकं दुखतंय'ची गतही तीच. त्यानंतर वर्कबुकाची ती पानं आम्ही उलटलीच नाहीत.

तिच्या बाबांचं म्हणणं वेगळं होतं. 'पुढे जाऊ दे गं, मागचं चालता चालता पक्कं होतं. आपण काय पहिलीचं सगळं येऊन दुसरीत गेलो होतो?' यात तथ्य आहे, ताईंनीही मान डोलावली. दुसऱ्या पुस्तकात वर्तमानकाळ काही रजेवर जात नाही, पानोपानी येतोच. पुन्हा लेक पहिल्या पुस्तकाला विटली होती. त्यातल्या पात्रांची नावं काढली तरी कपाळाला हात लावायची. चौदा-पंधराच्या मुलीला 'अजून थोडं हेच कर' म्हणणं म्हणजे भाषेवरच राग धरायला लावणं. शाळेत तो राग बाईंवर निघतो, घरी आईवर. म्हणून मी 'तयार नाहीस' हे शब्द टाळले. दोघींनी मिळून एक खरी परीक्षा घेऊन बघायची, असं ठरवलं.

स्पेन सरकारच्या वतीने इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था देले नावाची परीक्षा घेते. तिची एक आवृत्ती खास ११ ते १७ वयाच्या मुलांसाठी आहे. नमुन्याचे पेपर संस्थेच्या साइटवर फुकट मिळतात, ऐकायच्या ध्वनिफितींसकट. आम्ही ए-१ चा पेपर घरी लावला. मोबाइल बाजूच्या खोलीत, घड्याळ समोर, डोअरबेलचं बटण बंद. बोलण्याचा भाग ताईंनी घेतला.

या परीक्षेची गुणपद्धत मला फार पटली. वाचन आणि लेखन यांचा एक गट, ५० गुणांचा. ऐकणं आणि बोलणं यांचा दुसरा गट, तोही ५० चा. दोन्ही गटांत वेगवेगळे ३० मिळाले पाहिजेत. एका गटात पन्नासपैकी पन्नास मिळवून दुसऱ्याची भरपाई करता येत नाही. लेकीचं वाचन-लेखन दणदणीत होतं. लेखनात आपल्याबद्दल तीसचाळीस शब्द लिहायचे होते, त्यात तिने खाडी, बोट, आजीचा कुत्रा सगळं कोंबलं. दुसऱ्या गटात मात्र ती कशीबशी काठावर. तेही बोलण्याच्या जोरावर. ध्वनिफीत दुसऱ्यांदा लागेपर्यंत पहिला प्रश्न हातातून गेलेला असायचा.

लेकीने कागद बघितला आणि स्वतःच म्हणाली, 'मला वाचता येतं गं, कान नाहीत.' मला काही समजावावं लागलं नाही.

मग फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं. पहिलंही आणि दुसरंही. व्याकरणाचा एकही नवा धडा नाही, फक्त ऐकायचं. शिकणाऱ्यांसाठी सावकाश बोलणारी माणसं इंटरनेटवर भरपूर आहेत, त्यांच्यापासून सुरुवात केली. पण तिला ओढ होती ती फुएन्ते दे पिएद्राच्या व्हिडिओची. पिल्लांना कडी घालतानाचा तो व्हिडिओ तिने लावला आणि पहिल्या मिनिटाला रडकुंडीला आली. 'आई, यातलं मला काहीच कळत नाहीये.' ताईंनी ऐकलं आणि जोरात हसल्या. तो माणूस अस्सल अंदालुसियाचा होता. तिकडे शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. पुस्तकातलं 'लोस फ्लामेन्कोस' त्याच्या तोंडून 'लो फ्लामेन्को' असं येत होतं. आपल्याकडे पुण्याची मराठी शिकून कुणी थेट मालवणात उतरावं, तसं झालं.

तरी तिने तो सोडला नाही, तुकड्या-तुकड्याने ऐकत राहिली. एके दिवशी स्वयंपाकघरात धावत आली. 'आई, हे लोक फ्लेमिंगो खातात?' तो माणूस सारखा 'पोयो, पोयो' म्हणत होता, आणि पोयो म्हणजे हॉटेलच्या धड्यात शिकलेली चिकन. मी म्हटलं, मला काय माहीत, बघ पुढे. ती पुन्हा जाऊन बसली. थोड्या वेळाने आतूनच ओरडली, 'पिल्लं! पिल्लांना म्हणतोय तो!' चिकनला कुणी पायात कडी घालत नाही, एवढ्यावरून तिने ताडलं होतं. शब्दकोश उघडला नव्हता. ती मला तेव्हा तयार वाटायला लागली, कारण दुसऱ्या वर्षात जे ऐकायला मिळतं त्यातलं निम्मं असं ताडावंच लागतं.

या काळात कुठल्या चुकांकडे लक्ष द्यायचं आणि कुठल्या सोडायच्या, हे ताईंनी मला नीट सांगितलं. स्पॅनिशमध्ये 'असणं'साठी दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. त्यांची अदलाबदल होणारच, वर्षानुवर्षं होते, त्यासाठी कुणाला मागे ठेवायचं नाही. नामाचं लिंग अधूनमधून चुकलं तरी चालेल. पण 'कोण, कुठे, कधी, का' हे प्रश्नशब्द कानावर पडताच कळले पाहिजेत. समोरच्याला 'पुन्हा सांगता का, हळू बोलता का' हे स्पॅनिशमध्येच म्हणता आलं पाहिजे. आणि माणसाप्रमाणे शेपूट बदललं पाहिजे. आमची लेक दुसऱ्या गोष्टीत सगळ्यात कच्ची होती. अडली की गप्प बसायची. हुशार मुलांची ही खोडच असते म्हणा, चुकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

एप्रिलच्या शेवटी ताईंनी त्यांच्या ओळखीच्या एका बाईंशी व्हिडिओ कॉल जुळवला. बाई बोगोताच्या, कोलंबियातल्या. वेळेचा फरक साडेदहा तासांचा, म्हणून आमची रात्र आणि त्यांची सकाळ. मी कॅमेऱ्याबाहेर बसले. सुरुवातीलाच लेक गडबडली, कारण बाई तिला 'उस्तेद' म्हणत होत्या, म्हणजे 'तुम्ही'. पुस्तकात मोठी माणसं मुलांना 'तू' म्हणतात. तिने माझ्याकडे 'मला काय अहोजाहो?' अशा नजरेने बघितलं. बोगोताकडे घरातल्या माणसांनाही 'उस्तेद' म्हणायची पद्धत आहे, हे ताईंनी नंतर सांगितलं. पण तिने नुसती मान झटकली आणि पुढे बोलत राहिली.

बाईंनी विचारलं, तुम्ही कुठे राहता, जवळपास काय आहे? लेकीला खाडी सांगायची होती. शब्द येत नव्हता. मी श्वास रोखला, कारण याच ठिकाणी ती गप्प व्हायची. क्षणभर थांबून म्हणाली, 'आग्वा दे मार, पेरो देन्त्रो दे ला सिउदाद.' समुद्राचं पाणी, पण शहराच्या आत. बाईंच्या चेहऱ्यावर समजल्याचं हसू आलं आणि त्यांनी पक्ष्यांबद्दल विचारलं. पुढे लेकीने सेर-एस्तारची अदलाबदल केली, 'पक्षी'चं अनेकवचनही चुकवलं. दोनदा 'मास देस्पासियो, पोर फावोर' म्हणाली, जरा हळू. कॉल संपल्यावर ताईंनी मला फक्त एवढंच विचारलं, 'मग? जूनपासून?'

वाशीच्या क्लासची बॅच आम्ही घेतली नाही. घरी शिकण्याचा एक मोठा आराम म्हणजे बॅच चुकली असं काही नसतं. शिवाय जूनमधले एनआयओएसचे अभ्यास बघता आठवड्यातून दोनदा घणसोलीहून येणाऱ्या ताई परवडल्या. फीच्या बाबतीत फार फरक पडला नाही, येण्याजाण्याचा वेळ मात्र वाचला.

आता दुसरं पुस्तक चालू आहे. ताईंनी स्पेनचाच क्रम ठेवला, 'आज खाल्लंय' आधी आणि 'काल खाल्लं' नंतर. त्यांचं कारण साधं आहे. पहिल्या भूतकाळात एका मदतीच्या क्रियापदाची ६ रूपं पाठ झाली की बाकी गाडी चालते. दुसऱ्यात प्रत्येक क्रियापदाला नवी शेपटं. तिथे पोचलो तेव्हा आब्लो-आब्लोचा गोंधळ झालाच, पण पंधरवड्यात निवळला, कारण वर्तमानकाळातलं आब्लो जागचं हललं नाही. 'फुए' अजून अधूनमधून दगा देतं. परवा तिच्या एका वाक्यात कुणी दिल्लीला गेलं की कुणी दिल्ली झालं, ताईंनाही सांगता येईना.

देलेच्या शालेय आवृत्तीत ए-१ नंतर ए-२ आणि बी-१ यांचा एकच पेपर असतो, आणि मिळालेल्या गुणांवरून दोहोंपैकी कुठली पायरी ते ठरतं. लेकीचा डोळा त्यावर आहे, तिच्या मते थेट बी-१. ताईंचं म्हणणं, 'तो रोज बोटीने जायचा' यातला 'जायचा' अंगवळणी पडेपर्यंत फॉर्मला हात लावायचा नाही. सध्या दोघींची यावर खडाजंगी चालू आहे. यावेळी मी मध्ये पडलेली नाही.